समुद्रातली घडणावळ

भाव करता येत नाही अशी वस्तू विकत घ्यायची वेळ आली की खानदेशी माणसाच्या घशाला कोरड पडते. क्रूझचं बुकिंग ही तशी वस्तू. मोबाइलवर स्वस्तातला ‘सेव्हर’ आणि महागातला ‘प्रीमियम’ असे दोन आकडे झळकत असतात आणि ‘शेवटचं बोला’ म्हणावं तर समोर दुकानदारच नसतो. एजंटाला फोन लावून ‘कितलामा पडी, भो?’ विचारलं तरी तोही तोच पडदा वाचून दाखवतो. जळगावच्या फुले मार्केटात दुकानाची पायरी उतरायची आणि मागून हाक येण्याची वाट पाहायची, ही आमची पिढीजात विद्या. वेबसाइटवरून उठून गेलं तर हाक मारायला कुणी येत नाही. उलट ‘या दरात 3 केबिन शिल्लक’ अशी लाल पाटी डोळे वटारते.

खरं तर सराफ बाजाराच्या गावातल्या माणसाला हे कोडं अवघड जायला नको. फळ्यावरचा सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ, जीएसटी लागून बिलावर येणारा आकडा वेगळा, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्रूझच्या जाहिरातीतला आकडा हा फळ्यावरचा भाव. तो एका माणसाचा असतो, आणि केबिनमध्ये दोघं झोपणार असं गृहीत धरून काढलेला असतो. एकटे निघालात तर बहुतेक कंपन्या दुसऱ्या पलंगाचे पैसेही तुमच्याकडूनच घेतात, कधी कधी पुरते दुप्पट. त्यावर बंदर शुल्क आणि कर. परदेशी सहलीचं पॅकेज असेल तर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच कापून घेतलेला आगाऊ आयकर. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. आणि ग्रॅच्युइटी! मोठ्या अमेरिकी जहाजांवर माणशी रोज 16 ते 20 डॉलर बक्षिसी आपोआप खात्यात चढते. वेटरला दहाची नोट देऊन पाठ थोपटायची सोय तिथं नाही.

मग स्वस्त आणि महाग यांचा हिशेब लावायचा कसा? किराण्याच्या वहीचं मागचं पान घ्या. समजा, चार रात्रींची सहल आहे, नवरा-बायको दोघं, सेव्हर माणशी 40 हजार आणि प्रीमियम माणशी 58 हजार. दोघांचा फरक 36 हजार. प्रीमियमच्या पोटात बक्षिसी, वायफाय आणि पेयं आहेत असं धरू, डॉलर 90 रुपयांचा धरू. बक्षिसी रोज 18 डॉलर: दोघांची चार दिवसांची 12,960 रुपये. एका फोनचं वायफाय रोज 20 डॉलर धरलं तर 7,200. झाले 20,160. उरले 15,840, आणि ते तुम्हाला प्यायचे आहेत. एक पेला सेवाशुल्कासह 9 डॉलरचा धरला, तर पैसे वसूल व्हायला साधारण 20 पेले लागतात, म्हणजे रोज पाच. वहिनी लिंबू सरबताच्या पुढे जात नसतील तर पाचही दादांच्या वाट्याला. घरात मुक्ताईनगरची वारी असेल, गळ्यात माळ असेल, तर हा 15,840 रुपयांचा धर्मादाय झाला. एकानंच पेयांचं पॅकेज घेऊ म्हणाल, तर तेही बऱ्याच जहाजांवर चालत नाही. एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यावं लागतं. कारण उघड आहे. एका पॅकेजवर अख्खं भावकीचं बिऱ्हाड पाजणारे लोक कंपनीनं आधीच पाहिलेले आहेत.

उलट ज्यांना संध्याकाळी दोन घोट लागतातच, दुकानाचा हिशेब व्हॉट्सॲपवर रोज पाहायचाच आहे, त्यांनी सेव्हर घेऊन जहाजावर सगळं सुटं विकत घेणं म्हणजे थेट पायावर धोंडा. तिथं सुटं महाग असतं. शिवाय डॉलरचा खर्च आपल्या कार्डावर आला की बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास वर लावतात. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकायला विसरलात, तर जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क तो पकडतो. एखाद्या देशासाठी घेतलेला तुमचा रोमिंग पॅक तिथं बहुधा चालत नाही, बिल मात्र चालतं. जोरात.

आता केबिन. केळीच्या बागायतदाराला हे दोन मिनिटांत कळेल. आपल्याकडे रावेरला केळीचा भाव नवतीचा (नव्या लागवडीच्या मालाचा) वेगळा, पिलबागेचा (खोडव्याचा) वेगळा, वापसीचा (बाजूला काढलेल्या हलक्या मालाचा) वेगळा. प्रीमियमवाला नवती बोटानं दाखवून घेतो: मजला हा, नंबर हा. सेव्हरवाल्याला बहुतेक वेळा ‘गॅरंटी केबिन’ मिळते. गॅरंटी कशाची? केबिन मिळेल एवढ्याची. कुठली, ते निघायच्या काही दिवस आधी कंपनी ठरवते. कधी नशिबानं वरचा वर्ग लागतो, त्याचे फोटो लोक वर्षभर दाखवतात. एरवी मिळते ती वापसी: डिस्कोच्या डोक्यावर, नाहीतर पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली, जिथं पहाटे आरामखुर्च्या सरकवण्याची खरखर सुरू होते. अगदी नाकाडाकडची केबिन आली तर नांगराच्या साखळीचा खडखडाट फुकट. एमएससी या कंपनीत हे वर्ग बेला, फँटास्टिका, ऑरिया अशा नावांनी येतात. ऐकून साड्यांचे प्रकार वाटतात. बेलात केबिन कंपनी ठरवते, फँटास्टिकात जागा तुम्ही निवडता. फरकाचं मूळ एवढंच.

ज्यांना घाटातल्या एसटीत उलटी होते, त्यांनी मात्र इथं चिकटपणा करू नये. जहाज झोक्यासारखं दोन टोकांना जास्त हलतं, आणि वरच्या मजल्यावर आणखी. खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन सगळ्यात शांत. ती हवी तर नंबर निवडायचे पैसे भरा. हे पैसे वसूल होतात, पहिल्याच रात्री.

बाल्कनीचं मात्र आमच्या मते जरा अतीच कौतुक होतं. खानदेशात बाल्कनीला मान आहे तो कुरडया-पापडांमुळे. जहाजाच्या बाल्कनीत साधा टॉवेल वाळत घालायला मनाई. त्यातून स्वस्तातली बाल्कनी घेताना ‘ऑब्स्ट्रक्टेड’ हा शब्द नीट वाचावा, नाहीतर समुद्राच्या जागी चार दिवस लाइफबोटीचं नारिंगी बूड दिसतं. त्यापेक्षा आतली बिनखिडकीची केबिन. मोठ्या जहाजांवर ती साधारण दीडशे चौरस फुटांची असते, दिवा मालवला की काळाकुट्ट अंधार, वर चोवीस तास एसी. भुसावळच्या मे महिन्यात भाजून निघालेल्या माणसाला समुद्र दिसला काय, नाही दिसला काय.

सेव्हरचा खरा काटा रद्द करण्यात आहे. अनामत बुडीत, तारीख बदलायची तर दंड, कधी बदलताच येत नाही. आणि आपल्याकडे कोणाच्या सासरी काय निघेल, सांगता येत नाही. ऐन तारखेला चुलत्याच्या मुलाचं लग्न ठरतं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशीण येते, कापूस वेचणीला मजूर तेवढ्यातच मिळतात. बंदर शुल्क आणि कर मात्र जहाजावर न चढलेल्याला बहुधा परत मिळतात. ते कुणी आपण होऊन देईल याची वाट पाहू नये, मागावे. नाव पासपोर्टावर जसं आहे तसंच टाकावं. आधार कार्डावर आडनाव आधी आणि पासपोर्टावर नंतर, असा घोळ असला तर आधी निस्तरावा, कारण स्वस्त भाड्यात नाव दुरुस्त करायलाही पैसे लागू शकतात.

घरून कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि छोटी शेगडी नेऊन बाहेरच्या खाण्याचा खर्च वाचवू, हा बेत करू नये. इस्त्री, किटली, शेगडी तपासणीतच काढून घेतात. कंपनीच्या बंद पाकिटातली लसणी शेव सहसा सुटते.

एवढं सगळं करून आठ महिने आधी, हिशेबानं, मधोमधची केबिन पक्की होते. मुंबईहून सुटणारं जहाज असेल तर फार सोपं: रात्री जळगावहून अमरावती एक्स्प्रेस, सकाळी टर्मिनस, तिथून टॅक्सीनं बॅलार्ड पिअर. शहाणा माणूस आदल्या दिवशीच पोचतो, कारण गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही. फक्त रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी बरोबर आठला सगळं घर मोबाइल घेऊन बसतं, आणि आठ वाजून चार मिनिटांनी निकाल लागतो: समुद्रात मधोमध केबिन, नंबरासकट कन्फर्म. जळगाव ते मुंबई, वेटिंग 42.