घसारा

विमा कंपनीच्या लेखी जगात दोनच जातीच्या वस्तू: नव्या आणि घसारा लागलेल्या. आम्हा गाण्यांच्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांनाही घसारा ठाऊक आहे, पण आमचा सुईने होतो, त्यांचा कॅलेंडरने. साठ वर्षं जुनी तबकडी आज नव्यापेक्षा महाग आहे, हे वाक्य फॉर्मच्या कुठल्याच चौकटीत मावत नाही.

रेकॉर्डसंग्रहाचा विमा काढायचा तर घरसामानाच्या साध्या पॉलिसीवर विसंबू नये. तिच्यात बहुधा दर वस्तूमागे भरपाईची मर्यादा असते. मागायची ती आधी ठरलेल्या मूल्याची पॉलिसी, म्हणजे आकड्यावरचं भांडण जळण्या-बुडण्याच्या आधीच उरकतं. हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवली, तर भरपाईही त्याच प्रमाणात कापणारं सरासरीचं कलम आहेच: 100चा संग्रह 50ला दाखवला आणि 20चं नुकसान झालं, तर हाती 10. ‘अहो, पण मी 50च्या आतच मागतोय’ असं नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरला म्हणून पाहावं. त्याची घटकाभर करमणूक होते.

खरी तपश्चर्या म्हणजे यादी. कव्हर तेच, गाणी तीच, कॅटलॉग नंबरही तोच, तरी पहिल्या छपाईची प्रत आणि नंतरची प्रत यांच्या भावात कितीतरी पटींचा फरक असू शकतो. तो ओळखायला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे छपाईच्या साच्याचा नंबर, हवा. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात तो कोरलेला असतो. टॉर्च तिरका धरला तरच दिसतो, आणि फोटो काढू गेलं की त्यात आपलंच नाक येतं. दर रेकॉर्डमागे कव्हरच्या दोन्ही बाजू, दोन्ही लेबलं आणि दोन्ही नंबर असे सहा फोटो. हजार रेकॉर्डांचे किती, हा हिशेब घरच्यांसमोर करू नये. महागड्या तेवढ्यांचे सगळे काढा, बाकीच्यांना कपाटाचा एक समूहफोटो पुरे. यादीची प्रत घराबाहेर ठेवा, नाहीतर तीही संग्रहासोबत जळते.

मग प्रतवारी. आमच्यात ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखरणारी आणि ‘गुड’ म्हणजे जवळजवळ वाईट. विम्याचा कारकून मात्र ‘गुड’ वाचून खूश होतो, म्हणून प्रतवारीचा अर्थ यादीतच लिहून द्यावा. विकत घेताना केसाएवढा चरा दिसणाऱ्या माणसाला आपल्या रेकॉर्डची प्रतवारी करताना चष्मा सापडत नाही, हा आमचा जुना आजार. भाव लावताना डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-विक्रीच्या वेबसाइटवर विक्रेते काय मागताहेत ते पाहू नका, ती त्यांची स्वप्नं. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींचा मधला भाव धरा.

न मिळणाऱ्या गोष्टी बारीक अक्षरात असतात. बुरशी, वाळवी, उन्हाने किंवा कलती ठेवल्याने आलेला बाक, हे सगळं हळूहळू झालेलं, म्हणजे तुमचं पाप. 78 आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या हातातून निसटल्या की संपल्या, तेव्हा अपघाती फूट धरली आहे का, ते लेखी विचारा. त्या स्पिरिटने पुसू नका. लाख विरघळते आणि तिच्याबरोबर क्लेमही.

भरपाई दिल्यावर भिजका माल कंपनीचा. तिला त्या वाकड्या तबकड्यांचं काय करायचं असतं कोण जाणे! पण आपल्याला त्या सोडवत नाहीत. मग त्यांची मोडीची किंमत क्लेममधून वळती करून घ्यायची, फुगलेलं कव्हर पंख्याखाली वाळवायचं आणि तबकडी परत कपाटात. यादीत तिच्यापुढे आता ‘गुड’.