रडकं नको, पण संथ हवं

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला जिन्यात गाठलं. "आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. पबच्या मागच्या हॉलमध्ये जेवण ठेवलंय. तू फ्लूटवर एखादी स्लो एअर वाजव ना. फक्त रडकं काही नको."

मी म्हणालो, "हो, त्यात काय!"

साबुदाण्याची खिचडी करा, फक्त त्यात साबुदाणा घालू नका, अशी ही मागणी होती. ते कळायला मला तीन आठवडे लागले.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी सांगलीचा. नोकरीसाठी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, गॉलवेला येऊन सहा वर्षं झाली. लहानपणी दोन वर्षं बासरी शिकलो होतो, त्या भांडवलावर इथे आयरिश फ्लूट विकत घेतला. काळ्या लाकडाचा, सहा छिद्रांचा, चाव्याबिव्या काही नाहीत. तो आयरिश असण्याबद्दल मात्र फार बोलू नये. १९व्या शतकात लंडनचे कारागीर असले लाकडी फ्लूट बनवत. मग थिओबाल्ड बोम या जर्मन माणसाची नवी, चाव्यांनी लगडलेली रचना आली, १८४७ च्या सुधारणेनंतर ती हळूहळू सगळीकडे रुजली, आणि वाद्यवृंदवाल्यांनी टाकलेले जुने फ्लूट स्वस्तात आयरिश खेड्यांत पोचले. आपल्या कोपऱ्यावरच्या चायनीज गाडीत जितका चीन असतो, साधारण तितकाच यात मूळचा आयर्लंड. पुढे मात्र या लोकांनी तो असा काही आपलासा केला, की लंडनने आता तोंड उघडू नये.

बासरीवाल्याला वाटतं, हे तर आपलंच. तसं नाही. बासरीवर साच्या खाली पंचमापर्यंत उतरायला जागा असते. इथे सगळी छिद्रं बंद केली की सा. त्याच्याखाली जमीनच संपली. त्यामुळे गाणारा जिथे खाली उतरतो, तिथे फ्लूटवाल्याला अचानक उडी मारून वरच्या सप्तकात जावं लागतं. दुःखात बुडालेल्या माणसाने मध्येच स्टुलावर चढावं, तसं ते दिसतं.

आता स्लो एअर. "संथ हवा? पण तू तर म्हणतोस तिकडे छत्री उलटी होते," आई फोनवर म्हणाली होती. एअर म्हणजे चाल. आयरिश भाषेतली जुनी गाणी शॅन-नोस पद्धतीने, साथीशिवाय गायची. त्यांची चाल शब्दांशिवाय वाद्यावर वाजवली की झाली स्लो एअर. तिला ताल नसतो. म्हणजे आलापीसारखं, असं मी बायकोला समजावलं.

"मग सम कधी येते?"

"येतच नाही."

"मग थांबायचं कधी?"

"कडवं संपलं की."

"पण शब्द तर नाहीत म्हणालास!"

नेमकं इथेच माझ्या मास्तरांचं बोट असतं. मास्तर शहात्तर वर्षांचे. इकडे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण माझी जीभ वळत नाही, म्हणून मी त्यांना कुठल्याच नावाने हाक मारत नाही. चार वर्षं मी फक्त खाकरतोय. मास्तरांचा नियम एकच: शब्द माहीत नसतील तर एअर वाजवायची नाही. शब्द तोंडात नसले तरी मनात हवेत, आणि श्वास ओळीच्या शेवटी घ्यायचा, शब्दाच्या पोटात कधीही नाही. जिग किंवा रील या नाचाच्या चाली वाजवताना एखादा स्वर गिळून श्वास घेतला तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, पाय ताल धरून असतात, खपून जातं. एअरमध्ये लपायला झुडूपच नसतं. आणि लाकडी फ्लूट हवा पितो ती उसाच्या चरकात ऊस जावा तशी.

तेव्हा शब्द पाहायला बसलो. तिथून घात सुरू झाला.

पहिली अनाख कून. खरं तर मला नीट येते ती ही एकच एअर. १८२८ च्या सप्टेंबरात लॉख कॉरिब या आमच्याच तळ्यात, अ‍ॅनाडाउन (गाण्यातलं अनाख कून) गावाहून गॉलवेच्या जत्रेला निघालेली बोट बुडाली. बोटीत माणसं आणि मेंढ्या एकत्र. एका मेंढीचा पाय फळीतून आरपार गेला, ते भोक बुजवायला कुणीतरी कोट कोंबून वर पाय दाबला, तर फळीच सुटली, असं लोक सांगतात. अकरा पुरुष आणि आठ बायका गेल्याचं गाण्यातच मोजून सांगितलंय. रचणारा कवी अँथनी रॅफ्टरी, स्वतः आंधळा. गाणं अप्रतिम आहे. पण सहकाऱ्याची आई मूळची कुठली, अशी सहज चौकशी केली. अ‍ॅनाडाउनची. म्हणजे तिच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी तिच्या गावचे बुडालेले लोक वाजवणार! खोडली.

मग डोनल ओग. चाल अशी की दगडाला पाझर फुटावा. शब्द पाहिले. एका मुलीला तरुणाने फसवलंय आणि ती म्हणते, तू माझी पूर्व नेलीस, पश्चिम नेलीस, आणि मला भीती वाटते की देवही नेलास. पन्नास वर्षं टिकलेल्या संसारासमोर? खोडली.

तॉमशा इम खोला. बायकोने नाव ऐकलं आणि विचारलं, "तमाशा खुला?" नाही. अर्थ, मी झोपलोय, मला उठवू नका. निमंत्रितांचं सरासरी वय डोळ्यांपुढे आलं. एखाद्याने मनावर घेतलं तर? खोडली.

पोर्त ना बूकी. ब्लास्केट बेटांच्या लोकांना रात्री समुद्रावर ऐकू आलेली भुतांची चाल. काही जण म्हणतात ते देवमासे असावेत. केक कापताना भूतही नको आणि देवमासाही नको.

पुस्तकांचं गाणं म्हणून एक आहे, त्यावर मात्र मी दोन दिवस रेंगाळलो. केरी परगण्यातला टोमास रुआ ओ सुलिवान नावाचा शाळामास्तर, त्याची सगळी पुस्तकं होडीबरोबर बुडाली, त्याचा हा शोक. मराठी माणसाला बुडालेल्या वह्यांचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. पण आपल्या तुकोबांची गाथा तेराव्या दिवशी वर आली. या बिचाऱ्याचं काहीच वर आलं नाही. माझ्या लक्षात आलं की या देशात पाण्याशी संबंधित कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत कोरडी राहत नाही. खोडली.

श्लीव ग्याल गुआ चालली असती. त्यात कोणी मरत नाही. कवी पोटासाठी वेल्समध्ये गेलाय आणि वॉटरफर्डमधला आपला डोंगर आठवतोय, एवढंच. अडचण अशी की दुसऱ्या ओळीला मला सांगलीजवळचा हरिपूरचा संगम दिसायला लागतो, ओठ थरथरतात, आणि फ्लूटच्या भोकावरून फुंकर घसरून नुसता फुस्स असा आवाज येतो. या वाद्यावर रडूही चालत नाही आणि हसूही चालत नाही. तोंड कायम गरम चहा पिण्याच्या बेतात असावं लागतं.

राहिला डॅनी बॉय. तोच वाजव, असं सगळे म्हणाले. मास्तरांपुढे नाव काढलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आयरिश माणूस चहाचा कप खाली ठेवतो तेव्हा जपून राहावं. चाल लिमावाडीच्या जेन रॉस यांनी टिपलेली आणि १८५५ मध्ये छापलेली, ते ठीक. पण शब्द १९१३ साली एका इंग्रज वकिलाने बसवलेत, ही माहिती त्यांनी मला कोर्टात उलटतपासणी घ्यावी तशी दिली. वर, त्यातही शेवटी कबरच आहे.

शेवटी मास्तरांनीच ईस्टर स्नो काढून दिली. किती शुभ्र नाव! मला वाटलं, वसंत, बर्फ, कोवळं ऊन. तर तसंही नाही. रॉसकॉमनमधल्या एका जागेचं आयरिश नाव दिशर्त नुआन, त्याचं इंग्रजी तोंडात गेल्यावर हे झालंय. शीवचं सायन आणि खडकीचं किर्की पाहिलेल्या माणसाने आणखी काय बोलायचं? याचे शब्द मास्तरांनी मला शिकवले नाहीत, नियमाला एवढा एक अपवाद केला. कोण मेलंय ते कळलं नाही की वाजवणारा निर्धास्त असतो, असं मी समजलो.

तीन आठवडे घासली. यातला निषाद धड शुद्ध नाही, धड कोमल नाही. मी शुद्ध लावला की मास्तर म्हणत खाली, कोमल लावला की म्हणत वर. "कुठे थांबू?" विचारलं तर म्हणाले, "शंका येईल तिथे."

हॉलमध्ये सत्तर माणसं. बटाटे तीन प्रकारचे. मी उभा राहिलो आणि कोणीतरी "श्श" केलं. त्या शांततेत बारच्या फ्रीजची घरघर माझ्या सापेक्ष बरीच सुरात होती. ईस्टर स्नो झाली. टाळ्या पडल्या, शेजारधर्माच्या. मी सुटकेचा निःश्वास टाकून बसणार, तेवढ्यात सहकाऱ्याच्या आईने खुर्चीतूनच हात वर केला.

"छान होतं हं. आता अनाख कून वाजव."

सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. "आई, आज?"

"आज नाही तर कधी? माझ्या लग्नात माझ्या काकांनी म्हटलं होतं."

वाजवली. पहिल्या कडव्यातच मागून एक घोगरा आवाज गाण्याचे शब्द म्हणायला लागला: "मला तब्येत लाभली तर लोक ऐकत राहतील, अनाख कूनचे किती जण बुडाले ते." तिच्या नवऱ्याने तिचा हात धरला आणि चालीबरोबर हळूहळू फिरवू लागला, शॅन-नोस गाणाऱ्याचा हात शेजारचा माणूस धरतो तसा. डोळे पुसणारे रुमाल निघाले. आणि सांगतो, संध्याकाळभर त्या हॉलमध्ये इतकी खुशी मी पाहिली नव्हती. एअर संपल्यावर लोकांनी केक दुसऱ्यांदा घेतला.

घोगऱ्या आवाजाचे आजोबा काठी टेकत माझ्यापर्यंत आले. माझा हात दाबला. म्हणाले, "पोरा, हात चांगला आहे तुझा. एकच सांगतो. इतकी माणसं बुडत होती, आणि तू मध्येच श्वास घेतलास."