चाळिशी सुटली म्हणजे मोतीबिंदू विरघळला असं नाही

मजकूर तुम्हीही वाचला असेल. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या व्हॉट्सअॅप गटांत तो अधूनमधून नव्या नावानं उगवतो. पांढरा कांदा, आलं आणि लिंबू यांचा रस मधात मिसळा, गाळून बाटलीत भरा, सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत दोन थेंब टाका. मोतीबिंदू विरघळेल, चष्मा सुटेल. (प्रमाण मुद्दामच देत नाही.) खाली पुरवणी असते: ऑपरेशन करायचंच असेल तर मोतीबिंदू पूर्ण पिकू द्या, उन्हाळ्यात करूच नका, बसवलेली लेन्स काही वर्षांत खराब होते, आणि डॉक्टर हे कधी सांगणार नाहीत कारण त्यांचा धंदा बुडेल. सोबत अहिराणीत एक आवाज: “मन्हा बाबाले आते चष्मा लागस नई.” (माझ्या बाबांना आता चष्मा लागत नाही.)

सुरुवात या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण ते बहुधा खरं आहे.

मोतीबिंदूच्या एका नेहमीच्या प्रकारात डोळ्यातल्या भिंगाचा मधला गाभा हळूहळू घट्ट आणि पिवळसर होत जातो. असं भिंग प्रकाशाला आधीपेक्षा जास्त वळवतं आणि डोळा मायनस नंबरकडे सरकतो. ज्या माणसाला वाचायला प्लस नंबर लागत होता, त्याचा प्लस या मायनसनं खाल्ला जातो. वीस वर्षं चाळिशी लावणारे बाबा मग एके दिवशी चष्म्याशिवाय पेपर वाचू लागतात. घरात आनंद होतो. त्याच बाबांना एसटीची पाटी वाचायला सांगा, ती मात्र दिसत नाही, आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्यानं डोळे दिपतात. जवळचं असं चष्म्याविना दिसणं काही महिने टिकतं, कधी वर्षभर, कधी त्याहून थोडं जास्त. पुढे तेही जातं.

बाबा खोटं बोलत नाहीत. त्याच दिवसांत थेंब चालू होते, म्हणून श्रेय थेंबांना गेलं. मजकूर ज्याला मोतीबिंदू बरा झाल्याचा पुरावा म्हणतो, ती मोतीबिंदू वाढत असल्याची खूण आहे. साठीनंतर चाळिशी आपोआप सुटली तर तपासणीला जायचं ते याचसाठी.

आता थेंब. भिंग डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे असतं. बाहेरून टाकलेला एक थेंबसुद्धा पापणीच्या खोबणीत पुरता मावत नाही. उरलेला गालावर ओघळतो, नाहीतर अश्रूंच्या नळीतून नाकात नि घशात उतरतो. डोळ्यांचं औषध कधीकधी कडू लागतं ते त्यामुळेच. समजा काही आत पोचलंच, तरी मोतीबिंदू म्हणजे भिंगावर साचलेला मळ नव्हे की विरघळावा. भिंगातली प्रथिनं बिघडून एकमेकांना चिकटतात आणि भिंग गढूळ होतं. शिजलेल्या अंड्यातला पांढरा भाग पुन्हा पारदर्शक होत नाही, तसंच हे. असं औषध शोधण्याचा प्रयत्नच झाला नाही, असंही नाही. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्यानं कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि जगभर आशा वाढली. पुढे माणसाच्या काढलेल्या भिंगांवर ते वापरून पाहिलं, तेव्हा भिंग काही स्वच्छ झालं नाही. आजच्या घडीला मोतीबिंदू घालवणारा एकही सिद्ध झालेला ड्रॉप नाही, ना कांद्याचा ना कंपनीचा.

थेंबांचा परिणाम होतो तो डोळ्याच्या वरच्या पारदर्शक पडद्यावर. अश्रूंचा सामू (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या जरा वर, लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. कांद्यानं भळभळा पाणी येतं, चिकटा धुतला जातो आणि दोन मिनिटं स्वच्छ वाटतं. “फरक पडला” म्हणतात तो एवढाच. मधाचं समर्थन करणारे सांगतात की दवाखान्यातही जखमेला मध लावतात. लावतात, पण तो किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरी गाळून हफ्ताभर ठेवलेल्या बाटलीत काय वाढत असेल ते कुणी पाहिलेलं नसतं.

आणि आपल्याकडे ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा जास्त महागात पडते. कापूस वेचताना पऱ्हाटीचं टोक लागतं, केळीच्या बागेत वाळलं पान डोळ्यावर फटकारतं, मक्याचं पातं ओरखडतं. ओरखडा बारीक असतो, पण पिकावरची बुरशी त्यातून आत जाते. अशा डोळ्यात मध-कांदा टाकला, किंवा मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडचा ड्रॉप आणून घातला, की बुरशीला रान मोकळं मिळतं. जखम भरते ती पांढरा डाग ठेवून. त्यालाच आपण फूल पडलं म्हणतो. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, पण फूल दाट असेल तर दुसऱ्याचं बुबुळ, म्हणजे तो वरचा पारदर्शक पडदा, बसवण्यापर्यंत पाळी येते. शेतात डोळ्याला लागलं तर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

“पिकू द्या” हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही, एका काळी डॉक्टरच तो देत. तेव्हा आख्खं भिंग काढत, आत दुसरं बसवत नसत, आणि माणूस जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की दोन डोळ्यांत मोठाल्या नि बारीक अशा दोन प्रतिमा दिसत. तेवढ्यासाठी नजर पुरती जाईपर्यंत थांबण्यात अर्थ होता. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचा चुरा करून ते ओढून घेतात, किंवा शिबिरांत नेहमी करतात तसं थोड्या मोठ्या, आपोआप मिटणाऱ्या छेदातून काढतात. रोजची कामं अडायला लागली की वेळ झाली. फार पिकलेला मोतीबिंदू उलट कठीण होतो, ऑपरेशन अवघड करतो, आणि कधी फुगून किंवा पाझरून डोळ्याचं प्रेशर एकदम वाढवतो. असा माणूस लाल डोळा, असह्य दुखणं आणि उलट्या घेऊन रात्री-बेरात्री येतो.

उन्हाळ्याचा समज तर फार जुना. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सुईसारख्या शलाकेनं करायच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे आणि काळ फार उष्ण नसावा, फार थंड नसावा असं तिथेच सांगितलंय. दोन हजार वर्षांपूर्वी ते शहाणपणाचंच होतं. (परंपरेचा हवाला देऊन थेंब सुचवणाऱ्यांनी हेही पाहावं की अशा मोतीबिंदूसाठी सुश्रुतानंही शस्त्रच हाती घेतलं.) आपल्या आजोबांच्या वेळी टाके घालत, दिवसच्या दिवस डोकं न हलवता निजवत, आणि भुसावळच्या मे महिन्यात पट्टीखाली घाम साचे. आता टाका बहुतेक वेळा नसतोच आणि पेशंट त्याच दिवशी घरी जातो. पारा पंचेचाळिसावर असला तरी डोळ्याच्या आतलं तापमान शरीर सांभाळतं. पाळायचं ते एवढंच: काही दिवस डोळ्यात पाणी, धूळ जाऊ द्यायची नाही, डोळा चोळायचा नाही, ड्रॉप वेळेवर घालायचे. उन्हाळ्यात शेतात काम कमी असतं, त्या हिशेबानं हे दिवस सोयीचेच. तरी आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊ द्या, पाऊस पडू द्या, पेरणी उरकू द्या, श्रावणातली कानबाई बसू द्या, कापूस घरात येऊ द्या, असं करत वर्ष निघून जातं. आजीच्या डोळ्यांना आपल्या घरात पंचांगात जागाच नसते.

लेन्स खराब होते हा मुद्दा लवकर संपतो. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. आजच्या लेन्स आयुष्यभरासाठीच असतात. काहींना महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धूसर दिसतं ते लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ झाल्यामुळे. लेझरनं ती काही मिनिटांत उघडतात, कापाकापी लागत नाही.

राहिला धंदा. महागडी लेन्स गळ्यात मारणारे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. “हीच घ्या, नाहीतर नजर येणार नाही,” असं कुणी म्हणालं तर खुशाल दुसरीकडे विचारा. महाग लेन्समुळे चष्म्याची गरज कमी होऊ शकते, पण दूरचं स्वच्छ दिसायला साधी लेन्सही पुरते. आणि धंद्याचाच प्रश्न असेल तर सरकार १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवतंय, सरकारी रुग्णालयांत ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे होतं. तीन रस नि मधाच्या बाटलीनं हे भागलं असतं तर खर्च वाचवायला सरकारच आधी धावलं असतं.

मजकुरात न लिहिलेली एक गोष्ट मला जास्त घोर लावते. धूसर दिसतं म्हणजे मोतीबिंदूच, हे ठरवलं कुणी? काचबिंदू असेल तर नजर कडेकडेनं, न दुखता जाते, आणि गेलेली परत येत नाही. मधुमेहानं मागच्या पडद्यावर रक्त उतरत असेल, तर तिथेही प्रत्येक महिना मोजावा लागतो. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर ती मोतीबिंदूची असू शकते आणि डोळ्याच्या कर्करोगाचीही. तिथे एक दिवसही थेंबांत घालवू नये. घरी बसून हे ओळखता येत नाही, मलाही नाही. डोळ्याचं प्रेशर मोजावं लागतं, बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो.

बाहुली मोठी करायचं औषध घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. तपासणीला जाताना सोबत कुणीतरी न्या, मोटरसायकल त्याला चालवू द्या. घरात ती बाटली आधीच चालू असेल तर तीही बरोबर घ्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. लपवलीत तर लाल डोळ्याचं खरं कारण शोधण्यात त्यांचा वेळ जाईल.