रस्ता रिकामा कोणासाठी?

‘रस्ता रिकामा असेल तर उलट्या दिशेने पन्नास मीटर गाडी नेल्याने कुणाचंच नुकसान होत नाही’ हे वाहतुकीच्या नियमांवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. रस्ता रिकामा आहे हे ठरवतो कोण? गाडीवर बसलेला, तेही घाईत असताना. माझी आई पुण्यात लक्ष्मी रस्ता ओलांडताना ज्या बाजूने वाहनं यायला हवीत तिकडेच बघते. एकेरी रस्त्यावर तिने दुसरीकडे का बघावं? मान वळवायलाही तिला त्रास होतो. मागच्या वर्षी उलटा आलेला एक स्कूटरवाला तिला घासून गेला. ती पडली नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस एकटी बाहेर पडायला तयार नव्हती. हे नुकसान नाही का? नियम पाळायचा तो त्या नियमाच्या भरवशावर पाऊल टाकणाऱ्या अशा माणसासाठी.

आणि याला ‘किरकोळ’ म्हणू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये सिग्नल तोडणं आणि उलट्या दिशेने गाडी चालवणं ही धोकादायक वाहनचालनाची उदाहरणं म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लेखात याचा साधा उल्लेखही नाही.