वजन मोठ्याने वाचू नका प्लीज

लेक आठवीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेत हेल्थ चेकअप होतं. अख्खा वर्ग रांगेत, एक मुलगी रजिस्टर घेऊन बसलेली आणि मॅडम काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगणार. हिने बूट काढले, मोजे काढले, घड्याळ काढलं, केसातली क्लिप काढून हातात धरली, मग लक्षात आलं की हातात धरली तरी वजन येणारच, म्हणून मैत्रिणीकडे दिली. (हे तिने मला हसत हसत सांगितलं, म्हणून जास्त लागलं.) मॅडम म्हणाल्या "बासष्ट", मागून कोणीतरी म्हणालं "काटा मोडला", मॅडमपण हसल्या. तेव्हापासून वर्गात तिचं नाव बासष्ट. रिलेच्या टीममध्ये घेत नाहीत पण रस्सीखेच आली की सगळ्यात आधी हाक, "ए बासष्ट, मागे उभी राहा".

पोरांवर तरी किती चिडणार. १९६१ साली अमेरिकेत १०-११ वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली होती, एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक व्हीलचेअरवरचं, एकाला हात नाही, एकाच्या चेहऱ्यात व्यंग, आणि एक जाडं. कोण सगळ्यात जास्त आवडलं ते क्रमाने सांगा म्हटलं तर जाडं मूल शेवटी. चाळीसेक वर्षांनी तोच प्रयोग परत केला, २००३ मध्ये छापून आला, जाडं मूल तेव्हापण शेवटीच आणि नावड आधीपेक्षा वाढलेली. आता हे पोरं पोटातून शिकून येतात का? मीच रोज आरशासमोर "किती सुटलेय मी" म्हणत असते आणि ती मागे वेणी घालत उभी असते.

त्यात हे वय असं की अंग भरणारच, पाळीच्या आसपास मुलींच्या अंगात चरबी वाढते ती शरीराची गरज असते, एखादी आधी आडवी वाढते मग उंच होते. आणि ज्या बीएमआयवरून (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) शेरा मारतात ना, त्याचं सूत्र १८३० च्या दशकात क्वेटले नावाच्या बेल्जियन माणसाने काढलं, तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि आकडेवारीवाला होता, त्याला लोकसंख्येचा सरासरी माणूस शोधायचा होता. मुलांच्या बाबतीत तर नुसत्या आकड्याला अर्थच नाही, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता लावावा लागतो. काट्यापाशी कोण लावतंय तक्ता?

वजन बघूच नका असं नाही म्हणत मी. बघा, पण आडोशाला बघा आणि कागद बंद पाकिटात घरी पाठवा. चिडवल्याने लाज वाटून बारीक होतील हा भ्रम आहे, अशी पोरं चोरून जास्त खातात, पीटीला पोट दुखतं सांगून वर्गात बसतात आणि वजन वाढतंच. बारीक पोरांचेही हाल आहेतच, काडीपैलवान ऐकून ऐकून शेजारचा पोरगा उन्हाळ्यातसुद्धा फुल बाह्यांचा शर्ट घालतो.

शाळेत जाऊन भेटले. मॅडम म्हणाल्या "अहो त्यात काय एवढं, मुलं विसरतात." मी पटकन विचारलं, "तुमचं किती आहे वजन?" स्टाफरूममध्ये चारपाच जण होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला. घरी येताना सारखं वाटत होतं की मीपण तेच केलं जे त्यांनी केलं.

पुढच्या वेळी काटा आतल्या खोलीत ठेवणार आहेत म्हणे. वर्गात नाव अजून बासष्टच आहे.