पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देताय? अभिनंदन!

दुसरा फ्लॅट झाला म्हणायचा! राहत्या घराचं कर्ज फिटायच्या आत वाकडला टू बीएचके घेतलात, बिल्डरने सांगितलेल्या तारखेनंतर का होईना पण ताबा दिला, वास्तुशांत झाली, आणि आता तुम्ही रीतसर घरमालक झालात. या जमातीचा माझा अभ्यास बरा आहे, कारण नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याच घरांत राहत आलोय. गेल्याच महिन्यात एक फ्लॅट सोडला, त्यामुळे ज्ञान अगदी ताजं आहे. फुकट देतोय, घ्या.

पहिलं काम, जाहिरातीत ‘सेमी-फर्निश्ड’ असं टाका. त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. राहत्या घरातून जे जे बाहेर काढायचं राहिलं होतं ते ते इकडे आणून टाकलं की घर सेमी-फर्निश्ड होतं. एक दार न लागणारं लोखंडी कपाट, मध्ये खड्डा पडलेला दिवाण, तीन पंखे (त्यातला एक फक्त पाचवर फिरतो) आणि एक गीझर. माळ्याला मात्र कुलूप लावा. तिथे तुमचं गणपतीचं मखर, लग्नात आलेले स्टीलचे डबे आणि मुलाची बाबागाडी राहील. भाडं पूर्ण घराचं घ्यायचं, माळा आपल्याकडे ठेवायचा. मधूनच एखाद्या रविवारी सकाळी साडेसातला बेल वाजवून मखर न्यायला जायचं. आधी फोन कशाला? घर तुमचंच आहे. आलाच आहात तर बाथरूमचा नळ उघडून बघा, बाल्कनीत किती कुंड्या झाल्यात ते मोजा, आणि ‘वहिनी, चहा नको हं’ असं म्हणून सोफ्यावर बसा.

बॅचलर नकोत. तुम्ही स्वतः सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून शिकलात, ते वेगळं.

आता करार. ‘अकरा महिन्यांचाच करायचा, म्हणजे नोंदणी लागत नाही’ हे तुम्हाला एव्हाना मेहुण्याने, ऑफिसातल्या सहकाऱ्याने आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं असेलच. तिघांवर विश्वास ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नावाचा एक कायदा आहे आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला द्यायचा, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदवायची जबाबदारीही घरमालकाची, आणि नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण असल्या गोष्टी वाचत बसलात तर घर देणार कधी? त्यातली गंमत अशी, की करार नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे खर्च वाचवायच्या नादात तुम्ही पेन आमच्या हातात देता. बरं, वाचतं तरी किती? वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या सगळ्याच्या पाव टक्का स्टँप ड्युटी. साडेपाचशेच्या आसपास होते. नोंदणी फी शहरात एक हजार. घरबसल्या आधारवर अंगठा देऊन काम होतं. पण नाही, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून आणायची, तीही आमच्याच खर्चाने.

एजंटला एक महिन्याचं भाडं आम्ही द्यायचं, आणि एजंट तुमचा.

पोलीस व्हेरिफिकेशन ‘तुम्हीच करून टाका ना’.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावेल, म्हणजे सभासद स्वतः राहत नाही म्हणून घेतले जाणारे पैसे. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत असा सरकारचा आदेश 2001 पासून आहे आणि ते भरायचे असतात सभासदाने, म्हणजे तुम्ही. ते भाड्यात मिसळून टाका. उन्हाळ्यात टँकरचे पैसे निघतील, तेही मिसळा. पॅन नंबर मागितला तर गप्प बसा. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) आम्हाला तो ऑफिसात द्यावाच लागतो हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे, कारण तुम्हीही कधीकाळी नोकरीच केली आहे. ‘बघतो, सीएला विचारतो’ एवढं म्हणायचं आणि मार्च उलटू द्यायचा.

आता मुख्य विषय, डिपॉझिट.

डिपॉझिट हे परत करायचं असतं, असा एक समज भाडेकरूंमध्ये पसरलेला आहे. तुम्ही तो दूर करा. ती रक्कम आली की लगेच खर्च करून टाकायची, मॉड्युलर किचनचे उरलेले पैसे द्या, कार सर्व्हिस करा, काहीही करा, पण खात्यात ठेवू नका. खात्यात राहिली तर परत करावीशी वाटेल. भाडेकरू घर सोडतो म्हणाला की पुढचा भाडेकरू शोधायचा आणि त्याच्या डिपॉझिटमधून याचं द्यायचं. तोवर ‘दोन दिवसांत ट्रान्सफर करतो’.

आणि पूर्ण थोडंच द्यायचं असतं? किल्ल्या घेताना मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीला गाल टेकवा. असा तिरपा उजेड पाडला की कुठलीही भिंत वाईट दिसते, नवी कोरीसुद्धा. आमच्या घरमालकांनी हॉलपासून सुरुवात केली. ‘हा खिळा तुम्ही मारला?’ हो, कॅलेंडरचा. ‘आणि हा?’ घड्याळाचा. बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली होती, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून. तिचे फोटो मी पहिल्याच पावसाळ्यात पाठवले होते, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. ती ओल बघून ते म्हणाले, ‘तुम्ही खिडक्या उघडत नव्हता बहुतेक.’ मग चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक्सेल शीट आली. पेंटिंग अठरा हजार. डीप क्लीनिंग साडेचार हजार. गीझर बत्तीसशे (तो आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून कोमट पाणी देत होता). किरकोळ दोन हजार. किरकोळ म्हणजे काय, असं मी फोन करून विचारलं. म्हणाले, ‘अहो, किरकोळच.’

साठातले सत्तावीस हजार सातशे गेले. बाकीचे तीन हप्त्यांत आले.

पुढे माझं एक पार्सल जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून मी तिकडे गेलो. नव्या भाडेकरूने दार उघडलं, भला मुलगा होता, आत बोलावलं. भिंती त्याच. कोपऱ्यातली ओल तीच, थोडी मोठी झालेली. अठरा हजारांचा ब्रश कुठेच फिरला नव्हता. त्याचं घड्याळ माझ्या खिळ्यावर टांगलेलं होतं. आत येताना पेंटिंगचे म्हणून त्याच्याकडूनही वेगळे पैसे घेतलेत का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

म्हणजे एकच भिंत दर दोन वर्षांनी विकायची आणि रंगवायची कधीच नाही. धंदा असावा तर असा. आणि गंमत म्हणजे तुमच्या या भिंतीसाठी सरकारही पैसे सोडतं. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा कर वजा केला की उरलेल्या रकमेवर सरळ तीस टक्के वजावट मिळते, घराच्या दुरुस्ती-देखभालीसाठी म्हणून. एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते, बिल दाखवावं लागत नाही. म्हणजे रंगाचे पैसे तुम्ही दरवर्षी आयकरात वाचवता, आणि जाताना आमच्याकडूनही घेता. मग रंग कुठे आहे?

नाही, खरंच विचारतोय. कुठे आहे?

कुणी दोन वर्षं एखाद्या घरात राहिला तर भिंतीला हात लागणार, फोडणीचा धूर छताला चढणार, खिळा ठोकला जाणार. त्याचंच तर भाडं घेता ना तुम्ही? की वीस हजार महिना देऊन आम्ही हवेत तरंगत राहायचं होतं? फरशी फोडली, दार मोडलं, नळ तोडला तर जरूर कापा, बिल दाखवून कापा, कुणी भांडणार नाही. पण वापरलेलं घर वापरलेलं दिसतं म्हणून माणसाचे पैसे ठेवून घेणं याला उचलेगिरी म्हणतात. तुम्ही बँकेत निवृत्तीपर्यंत मोठ्या हुद्द्यावर होतात म्हणून तिचं नाव बदलत नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये असं लिहिलंय, ते काय उगाच? इतके दिवस दुसऱ्याचा पैसा हातात राहिला की तो आपलाच वाटायला लागतो, म्हणून लिहावं लागलं.

तेव्हा घर द्यायचं तर नीट द्या, नाहीतर कुलूप लावून ठेवा. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. गीझर चालू करून हात घालून बघा. करार नोंदवा. सामानाची यादी त्याला जोडा, माळ्याचं कुलूप काढा. आणि डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा, हात लावू नका, किल्ल्या हातात पडतील त्याच दिवशी परत करा. जमत नसेल तर मुदत ठेव करा, घरमालक होऊ नका.