खुलासा : ट्रॉपिकाना फील्डच्या छपराला १३० कोटी डॉलर लागलेले नाहीत

फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथील ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमच्या फाटलेल्या छपरावर १३० कोटी डॉलर खर्च होत असून आता टॅम्पा बे रेज हा संघ तेथे कायमचा राहणार, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

१३० कोटी डॉलर हा आकडा दुरुस्तीचा नव्हे, तर शेजारीच उभारायच्या नव्या स्टेडियमचा होता. त्यातील सुमारे ६० कोटी डॉलर शहर आणि काउंटी देणार होते. परंतु मार्च २०२५ मध्ये संघाने या करारातून माघार घेतल्याने तो प्रकल्पच बारगळला. ९ ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन चक्रीवादळात टेफ्लॉनचा लेप दिलेले फायबरग्लासचे छप्पर फाटले, तेव्हा तज्ज्ञांनी दुरुस्तीचा अंदाज सुमारे ५.५७ कोटी डॉलर दिला. मिलियन आणि बिलियन यांचे कोटींत रूपांतर करताना अशी गल्लत सहज होते, हे मान्य. येथे मात्र दोन वेगळ्या वास्तूच एक मानल्या गेल्या आहेत.

१९९० मध्ये सुरू झालेले हे स्टेडियम शहराच्या मालकीचे असून, वापराच्या करारानुसार दुरुस्तीची जबाबदारीही शहराचीच आहे. दुर्दैवाने वादळापूर्वीच विम्याचे संरक्षण १० कोटींवरून २.५ कोटी डॉलरवर आणले गेले होते. २०२५ चा हंगाम संघाने टॅम्पातील स्टाइनब्रेनर फील्डवर खेळला, त्यामुळे मूळचा २०२७ पर्यंतचा करार एक वर्षाने लांबून २०२८ पर्यंत गेला. दुरुस्तीने संघाला बांधून ठेवले आहे ते एवढ्याच मुदतीपुरते.